गुलामाच्या मुलाचं काय होतं?

अथेन्सच्या भर बाजारात, सराफांच्या मेजांच्या मधोमध एक माणूस बसायचा. एखाद्या चांदीच्या नाण्याचा कुणाला संशय आला की ते त्याच्यापुढे ठेवलं जायचं. नाणं अस्सल असलं तर तो ते परत द्यायचा. वरून चांदी आणि आत तांबं किंवा शिसं निघालं, तर तिथल्या तिथं आरपार छेद देऊन ते कायमचं बाद करायचा. त्यानं अस्सल ठरवलेलं नाणं घ्यायला एखाद्या व्यापाऱ्यानं नकार दिला, तर त्याचा त्या दिवसाचा सगळा माल जप्त. इ.स.पू. ३७५ च्या सुमाराचा हा कायदा दगडावर कोरलेला आहे आणि तो दगड १९७० मध्ये अथेन्सच्या उत्खननात सापडला. त्याच दगडावर असंही लिहिलं आहे की या पारख्यानं कामात कसूर केली, तर त्याला चाबकाचे पन्नास फटके मारावेत. कारण तो गुलाम होता, शहराच्या मालकीचा. ज्याच्या शब्दावर स्वतंत्र नागरिकांचा माल जप्त व्हायचा, त्याची स्वतःची पाठ मात्र त्याच्या मालकीची नव्हती.

असा माणूस मला कुठल्याही काल्पनिक जगात अजून भेटलेला नाही. आणि काल्पनिक जगं तर आज शेकड्यांनी आहेत, त्यांतली पुष्कळशी खेळण्यासाठी रचलेली.

पाच-सहा मित्र टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक जण जग उभं करतो आणि गोष्ट पुढं नेतो, बाकीचे त्या जगातली एकेक व्यक्ती होतात. वार बसला की चुकला, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत आला आणि अशा भूमिकाखेळांची एक परंपराच सुरू झाली. या खेळांना ड्रॅगन पुरत नाहीत. शहरं लागतात, राजे, कर, देवळं, बाजार लागतात. एवढं सगळं शून्यातून कोण निर्माण करणार? म्हणून निर्माते इतिहासाकडे वळतात.

ही उसनवारी या खेळांच्याही आधीची आहे. रॉबर्ट हॉवर्ड या टेक्सासच्या तरुण लेखकानं १९३२ मध्ये कोनन हा रानटी योद्धा छापून आणला, तेव्हा त्याच्या जगात इजिप्तच्या सावलीतलं स्टिजिया होतं, तुर्कांची आठवण करून देणारं तुरान होतं आणि विंध्य पर्वताच्या नावावरून घडवलेलं वेंध्या नावाचं हिंदुस्थानसारखं राज्यही होतं. वाचकाला दोन ओळींत अख्खा देश डोळ्यांपुढं दिसावा, ही त्यामागची सोय. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या घराण्यातल्या ‘डार्क सन’ या १९९१ च्या जगात तर ही कला फार पुढे गेली. तिथलं जग जळून गेलेलं आहे आणि वाळवंटात सात नगरराज्यं उरली आहेत. उरिकचा राजा हमानू कायद्याचा कठोर भोक्ता आहे, त्याच्यामागे बाबिलोनचा हम्मुराबी सरळ दिसतो. द्राजच्या मागे अझ्टेक, बालिकच्या मागे ग्रीक. आणि या सातही नगरांत गुलामगिरी आहे. ‘फ्रीडम’ नावाच्या सुरुवातीच्याच मोहिमेत खेळाडूंची पात्रं पकडली जातात आणि एका नगराच्या राजाच्या पायऱ्यापायऱ्यांच्या महाकाय मनोऱ्यावर दगड वाहायला जुंपली जातात.

इथं एक गोष्ट लक्षात येते. सात नगरांचे पोशाख वेगळे, देव वेगळे, नावं वेगळी, पण गुलाम मात्र सगळीकडे बहुतांशी एकच: साखळदंड, चाबूक, दगड किंवा आखाडा. इतिहासाकडून कपडे घेतले आणि हाडं तिथंच सोडली. प्रत्यक्षात एखाद्या समाजाची गुलामगिरी हीच त्याच्या हाडांची ठेवण दाखवते. कुठल्याही समाजाला, खऱ्या किंवा काल्पनिक, तीनच प्रश्न विचारून बघावेत. इथला गुलाम कुठून येतो? त्याला कशासाठी विकत घेतात? आणि त्याच्या मुलांचं काय होतं? पहिल्या प्रश्नातून त्या समाजाची युद्धं आणि व्यापार कळतो. दुसऱ्यातून त्याला कशाची उणीव आहे हे कळतं. तिसरा सगळ्यांत खोल जातो, कारण त्याचं उत्तर म्हणजे त्या समाजात ‘आपला’ कोण, याची व्याख्या.

अझ्टेकांचंच घ्या. त्यांच्याकडे कर्जापायी माणूस स्वतःला विकू शकत असे, पण त्याची मुलं स्वतंत्र जन्मत. विकायला आणलेला गुलाम बाजारातून निसटून राजवाड्यात पोहोचला तर तो सुटला, असंही तिथल्या जुन्या रिवाजांच्या स्पॅनिश नोंदींत आढळतं. शिवाय त्याचा पाठलाग करायचा हक्क मालक आणि त्याच्या मुलाखेरीज कुणालाही नव्हता. बाजाराच्या गर्दीतून धावणारा तो माणूस, बाजूला सरणारे लोक आणि मागे धापा टाकत येणारा मालक: यावर एक अख्खी संध्याकाळ खेळता येईल. द्राजमध्ये हे असायला काय हरकत होती?

उलट, जिथं गुलाम नव्हते तिथं मात्र आपण सगळ्यांनीच ते हौसेनं बसवले आहेत. प्राचीन रोमची युद्धनौका म्हटली की वल्ह्यांना साखळीनं जखडलेले गुलाम आठवतात. ते चित्र ‘बेन-हर’ या १८८० च्या कादंबरीनं आणि पुढे १९५९ च्या चित्रपटानं आपल्या डोक्यात बसवलं. रोमन आरमाराचे वल्हेकरी सर्वसाधारणपणे पगारी, स्वतंत्र माणसं होती. वल्ह्यांना जखडलेले कैदी आणि गुलाम ही भूमध्य समुद्रावरची खूप नंतरची, सोळाव्या-सतराव्या शतकांत भरभराटीला आलेली गोष्ट. पिरॅमिडचंही तसंच. गिझाला ते बांधणाऱ्यांची वस्ती आणि १९९० पासून त्यांची थडगीही सापडली. राजाच्या पिरॅमिडजवळ सन्मानानं पुरलेली ही माणसं चाबकाखाली मेलेले गुलाम नव्हती.

आणि जिथं खरोखर होते तिथून आपण त्यांना पुसलं. स्पार्टाच्या लाल झग्यातल्या वीरांवर किती खेळ, किती चित्रपट! हेरोडोटस सांगतो की इ.स.पू. ४७९ च्या प्लाटिआच्या लढाईत पाच हजार स्पार्टन होते आणि त्यांच्याबरोबर पस्तीस हजार हेलट होते. एका वीरामागे सात जण. हे हेलट विकत आणलेले परके नव्हते. जिंकलेल्या शेजाऱ्यांना त्यांच्याच जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राबवलं जात होतं. स्पार्टाचे अधिकारी दर वर्षी या हेलटांविरुद्ध रीतसर युद्ध पुकारत, म्हणजे एखाद्याला ठार मारलं तरी हत्येचं पाप लागू नये. स्पार्टन पुरुष आयुष्यभर शस्त्रं का परजत होता, याचं एक मोठं कारण त्याच्या शेतातच होतं. हेलट वगळून स्पार्टा रंगवणं म्हणजे कारण गाळून फक्त परिणाम दाखवणं.

पण मला सर्वांत थक्क करतो तो शिपाई-गुलाम.

जॉर्ज मार्टिन यांच्या कादंबरीमालेतले आणि ‘गेम ऑफ थ्रोन्स’मुळे घरोघरी पोहोचलेले अनसलीड आठवा. अस्टापोर शहरात लहान मुलं विकत घेऊन, त्यांना खोजे करून, क्रूर शिस्तीत घडवलेलं हे भालाईत पायदळ. त्यांना रोज नवं, किळसवाणं नाव दिलं जातं, म्हणजे ‘मी’ असं काही उरू नये. हुकूम झाला की मरणारे, स्वतःची इच्छा नसलेले सैनिक. भयंकर प्रभावी कल्पना आहे. पण मुलं विकत घेऊन सैन्य उभारणाऱ्या खऱ्या राज्यांनी काय केलं ते पाहिलं की चित्र जवळजवळ उलटं होतं.

तेराव्या शतकातलं कैरो. काळ्या समुद्राच्या उत्तरेच्या गवताळ प्रदेशातली किपचाक तुर्कांची मुलं जहाजांतून इजिप्तला यायची. मंगोलांनी तो प्रदेश उद्ध्वस्त केला होता आणि त्यामुळे गुलामांचे बाजार अशा मुलांनी भरून गेले होते. सुलतान ती विकत घ्यायचा, किल्ल्यातल्या बराकींत ठेवायचा, आधी कुराण शिकवायचा आणि मग घोडा, भाला, धनुष्य. वर्षानुवर्षं. शिक्षण संपलं की मुलाला मुक्त केलं जायचं आणि घोडा व शस्त्रं देऊन फौजेत घेतलं जायचं. हे ममलुक. कलाऊन नावाच्या एकाला तर आयुष्यभर ‘हजारी’ अशा अर्थाचं टोपणनाव चिकटलं, कारण त्याच्यासाठी हजार दिनार मोजले होते. तो पुढे सुलतान झाला, आणि त्याला त्या नावाची लाज नव्हती. किंमत हाच त्याचा मान होता. १२५० मध्ये ममलुकांनी इजिप्तची गादीच हाती घेतली. १२६० मध्ये ऐन जालूतच्या लढाईत त्यांनी मंगोलांचा पराभव केला. म्हणजे मंगोलांनी ज्यांची गावं जाळली, त्याच टोळ्यांतल्या विकल्या गेलेल्या मुलांनी मंगोलांना अडवलं. एखाद्या कादंबरीकारानं हे रचलं असतं तर आपण म्हणालो असतो की फारच जुळवून आणलंय!

तिसऱ्या प्रश्नाचं ममलुकांचं उत्तर ऐका. ममलुकाच्या मुलाला तत्त्वतः ममलुक होता येत नसे. तो स्वतंत्र, मुसलमान आणि शहरी म्हणून जन्मलेला. त्याच्यासाठी दुय्यम फौज होती, खऱ्या सत्तेची वाट नव्हती. सुलतानांच्या मुलांनी हा नियम पुष्कळदा मोडला, तरी फौज मात्र दर पिढीला नव्यानं विकत आणली जायची. राज्य करणाऱ्या वर्गात शिरायचं, तर आधी विकलं जाणं हीच अट. यातला विचार थंड आणि स्वच्छ आहे: ज्याला इथं बाप नाही, काका नाही, भाऊबंद नाहीत, तो फक्त धन्याशी आणि बराकीतल्या सोबत्यांशी इमान राखील. इच्छा नसलेला माणूस त्यांना नको होता, नातेवाईक नसलेला हवा होता. अनसलीड लिहिताना मार्टिननं शिस्त घेतली, राजकारण सोडलं, असं मला वाटतं.

असाच एक मुलगा आपल्याकडे आला.

त्याचं नाव चापू. जन्म १५४८ च्या सुमाराचा, इथिओपियातला. तांबड्या समुद्रावरच्या मोखा बंदरात तो ८० गिल्डरला विकला गेल्याचं पीटर व्हान डेन ब्रुके या डच व्यापाऱ्यानं लिहून ठेवलं आहे. हा व्यापारी त्याला पुढे दख्खनमध्ये प्रत्यक्ष भेटला होता. बगदादच्या मीर कासीम नावाच्या व्यापाऱ्यानं त्याला शिकवलं, मुसलमान केलं आणि अंबर हे नाव दिलं. मग तो दख्खनमध्ये आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझ खान यानं त्याला विकत घेतलं. हा पेशवा स्वतःही एके काळचा हबशी गुलामच. त्याच्याकडे असे हजारभर हबशी होते.

निजामशाहीला हबशी का लागत होते? कारण दरबार दोन तटांत फाटलेला होता: इथं पिढ्यान्‌पिढ्या रुजलेले दख्खनी आणि इराण-मध्य आशियातून आलेले परदेशी. दोघांच्या मागे गोतावळा, दोघांवर भरवसा टाकणं अवघड. त्या फटीत नातीगोती नसलेला हबशी शिपाई बसला. चंगीझ खान मेला, त्याच्या विधवेनं अंबरला मुक्त केलं, आणि पुढची वीसेक वर्षं तो शे-दीडशे स्वारांचा नायक म्हणून या दरबारातून त्या दरबारात चाकरी करत राहिला. १६०० मध्ये मुघलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. निजामशाही संपली असं सगळे म्हणत असताना अंबरनं त्या घराण्यातला एक मुलगा शोधून गादीवर बसवला, त्याला आपली मुलगी दिली आणि स्वतः कारभार हाती घेतला.

पुढचं मराठी वाचकाला तुकड्यातुकड्यांत माहीत असतं. मराठ्यांच्या चपळ घोडदळाचा उपयोग करून त्यानं मुघलांच्या जड फौजांना हैराण केलं. १६१० च्या सुमारास खडकी वसवली, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. खडकाळ, कोरड्या जागी शहर कसं जगेल? त्यानं डोंगराकडचं भूजल जमिनीखालच्या नहरीतून शहरात आणलं. ठरावीक अंतरावर आत उतरायला विवरं ठेवली आणि उताराच्या बळावर पाणी हौदांपर्यंत नेलं. नहर-ए-अंबरी म्हणून ती ओळखली जाते. जमीन मोजून सारा ठरवण्याची त्याची पद्धत इतकी मुरली की महाराष्ट्रात मलिकंबरी धारा म्हणून तिचं नाव राहिलं. १६२४ मध्ये भातवडीला मुघल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजा एकत्र आल्या, तेव्हा त्यानं तलावाचा बांध फोडून त्यांच्या छावण्यांत चिखल केला आणि मग हल्ला चढवला. त्याच्या बाजूनं शहाजीराजे लढले. त्यांचे बंधू शरीफजी तिथंच पडले.

मुघल बादशहा जहांगीर अंबरपुढे हतबल होता, इतका की १६१६ च्या सुमारास दरबारी चित्रकार अबुल हसन यानं एक चित्र काढलं: जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून अंबरच्या भाल्यावर खोचलेल्या मस्तकात बाण मारतो आहे. हे चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. प्रत्यक्षात ते मस्तक मुघलांच्या हाती कधीच लागलं नाही. मलिक अंबर १६२६ मध्ये म्हातारा होऊन वारला आणि खुलताबादला त्याची कबर आहे.

आता दिपून जाण्याआधी सह्याद्रीच्या खाली उतरायला हवं. त्याच काळात, त्याच आफ्रिकी किनाऱ्यावरून पोरं-पोरी गोव्यालाही येत होत्या. यान हाउखेन व्हान लिन्शोटेन हा डच तरुण १५८३ पासून काही वर्षं गोव्यात होता. तिथल्या सरळ रस्त्यावर सकाळच्या लिलावात घोडे, दागिने आणि माणसं एकत्र विकली जात, असं त्यानं लिहिलं आहे. त्याच्या पुस्तकातल्या चित्रांत पोर्तुगीज महाशय चालले आहेत आणि मागून गुलाम त्यांच्या डोक्यावर छत्री धरून आहे. एकच किनारा, एकच समुद्र, कदाचित एकच जहाज. नगरच्या धन्यानं घेतलं तर हातात तलवार, गोव्याच्या धन्यानं घेतलं तर छत्री. मुलाच्या अंगच्या गुणांचा इथं काही संबंधच नव्हता.

आणि मुलगी असली तर? तिच्यासाठी तलवार कुठंच नव्हती. पेशवाईच्या दप्तरांत कुणबिणींच्या आणि बटकींच्या, म्हणजे गुलाम स्त्रियांच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी सापडतात. त्या दळण, कांडण, गोठा, घरकाम करत राहिल्या. काल्पनिक जगांत आखाड्यातला गुलाम हमखास असतो, दळणारी कुणबीण नसते. हा दोष मला सगळ्यांत मोठा वाटतो, कारण घराच्या आतली गुलामगिरी ही इतिहासात फार मोठी आणि सर्वांत कमी दिसणारी आहे.

अलीकडे प्रकाशक हा विषय टाळू लागले आहेत, आणि त्यालाही कारण आहे. २०२२ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या एका पुस्तकात हॅडोझी नावाच्या माकडासारख्या जमातीची जन्मकथा आली: एका जादूगारानं त्यांना पकडून बुद्धी दिली, तो त्यांना विकणार होता, मग ते सुटले. कृष्णवर्णीय लोकांना माकड म्हणून हिणवण्याची जुनी विषारी परंपरा त्यात अनेकांना दिसली. प्रकाशकांनी जाहीर माफी मागून तो मजकूर काढला. योग्यच केलं. टेबलाभोवती बसलेल्यांपैकी कुणाची पणजी खरोखर विकली गेलेली असू शकते, हे विसरून खेळ लिहिता येत नाही. पण विषय पुसून टाकला की अथेन्सचा नाणेपारखी, बाजारातून धावणारा अझ्टेक गुलाम आणि मोखाचा चापूही जातो, याचं मला वाईट वाटतं. टॉल्किननं ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या शेवटी एक लहानसं वाक्य ठेवलं आहे: राजा मॉर्डोरच्या गुलामांना मुक्त करतो आणि ते राबत होते त्या सरोवराकाठच्या जमिनी त्यांनाच देऊन टाकतो. नुसती सुटका नाही, जमीन. एवढ्या एका गोष्टीवरून कळतं की या लेखकानं विजयाच्या दुसऱ्या दिवसाचा विचार केला होता.

मलिक अंबरच्या बाबतीत तिसरा प्रश्न विचारला तर कैरोपेक्षा अगदी वेगळं उत्तर मिळतं. दख्खनमध्ये हबशाच्या मुलावर कसलीही बंदी नव्हती. अंबरचा मुलगा फतेह खान बापामागून सरळ कारभारी झाला. बापानं पुढे ज्या दुसऱ्या सुलतानाला गादीवर बसवलं होतं, त्याला मुलानं संपवलं आणि १६३३ मध्ये दौलताबादचा किल्ला मुघलांच्या हवाली केला. इतर हबशी सरदारांचीही घरं झाली, लग्नं जुळली, जहागिरी आल्या, बोलणं-चालणं दख्खनी झालं. जंजिऱ्याच्या सिद्दींचं राज्य तर १९४८ पर्यंत टिकलं. नातीगोती नसलेला माणूस हवा म्हणून ज्यांना समुद्रापलीकडून आणलं, ते दोन-तीन पिढ्यांत इथले नातेवाईक होऊन बसले. मग त्यांना विकत आणण्याचं मूळ कारणच उरलं नाही. दख्खनची शिपाई-गुलामी कुणी फर्मान काढून बंद केली नाही. ती इथल्या घराघरांत मुरत गेली आणि सतराव्या शतकात हळूहळू ओसरली.